सिंगापुरात धुतलेली जर्सी

बार्शीला परत आल्यापासून जो भेटेल तो एकच विचारतो, "काय काकू, सिंगापूर कसं काय?" मी म्हणते, "छान आहे," आणि पदर सारखा करते. लोकांचा चेहरा पडतो. त्यांना उंच इमारती आणि रात्रीचे दिवे ऐकायचे असतात. मला चारचौघांत बोलणं जमत नाही. म्हणून दुपारी गिरणी बंद असते तेव्हा बसून लिहिते. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण वाचायची खोड गेली नाही. किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय मी टाकत नाही.

तर सिंगापूर कसं आहे? मला ठाऊक नाही. लोक तिथे समुद्र पाहायला जातात, बागा पाहायला जातात. मी तिथे जाऊन बेसबॉल पाहिला.

तोआ पायोह

वैशाली माझी धाकटी मुलगी. तिचं पहिलं बाळंतपण. पूर्वी मुलगी बाळंतपणाला माहेरी यायची, आता आईलाच विमानात घालून मुलीकडे पाठवतात. डिंक, खारीक, हळीव, बाळंतशेपा असं सगळं बांधून मी गेले. गिरणी सोडून हे येणार नव्हतेच. "मला काय कळतं त्यातलं?" म्हणाले. जसं काही मला विमानातलं कळत होतं.

जावई निखिलराव पुण्याचे, कॉम्प्युटरमधले. माणूस वाईट नाही. रात्री मूल रडलं तर उठतात, लंगोट बदलतात. आमच्या ह्यांनी तीन मुलांत एकदाही लंगोट पाहिला नाही. एवढं आधी लिहून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल फार चांगलं लिहिणार नाही.

तोआ पायोह ही जुनी वस्ती. एकासारख्या एक इमारती, खाली खांबांची मोकळी जागा, तिथे म्हातारे बसून असतात. झाडंसुद्धा भांग पाडल्यासारखी उभी. घर फार वरच्या मजल्यावर, आणि धुणं वाळत घालायला खिडकीबाहेर बांबू. भाला फेकायला निघाल्यासारखा तो कपड्यांसकट बाहेर सरकवायचा आणि टोक भोकात बसवायचं. एवढं श्रीमंत शहर, पण वाळत घालायला अंगण नाही. पहिल्याच दिवशी माझा परकर सुटला आणि खालच्या मजल्यावरच्या कोणाच्या तरी बांबूवर जाऊन बसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. थोड्या वेळाने एक चिनी म्हातारी तो घडी करून घेऊन आली. सगळे तिला आंटी म्हणत, मीही म्हणू लागले. मग तिनेच मला बांबू कसा धरायचा ते हातात हात घेऊन शिकवलं. मी चुकले की म्हणायची, "नो, नो, कॅनॉट ला!"

मूल घरी आलं. मुलगी झाली. मी शेगडी आणि ओव्याच्या धुरीचं काढलं, तर निखिलराव म्हणाले, "आई, धूर नको. बाळाच्या छातीला वाईट." बरं. काजळ काढलं, तर, "आई, डॉक्टर नको म्हणतात." बरं. संध्याकाळी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढायला बसले, तर हसून म्हणाले, "आई, थोडा सायंटिफिक विचार करूया ना."

मी मोहऱ्या पुन्हा डब्यात ओतल्या. आंटीच्या दारात सकाळ-संध्याकाळ उदबत्त्यांचा जुडगा जळत असे, त्या धुराला कोणी काही म्हणत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून बाहेर आले, तर सायंटिफिक जावई टीव्हीसमोर जमिनीवर मांडी घालून बसलेले. अंगात पांढरी जर्सी, उन्हाळ्यापासून न धुतलेली. डोक्यावर टोपी उलटी. उजव्या गुडघ्याखाली उशी, डाव्या गुडघ्याखाली नाही. मी चहा घेऊन पुढे झाले तर ओरडले, "आई, थांबा! तिथेच! हलू नका!"

मी कप हातात घेऊन उभी. काय झालं, विंचू की काय?

"तुम्ही तिथे उभ्या राहिलात आणि आमचा माणूस पोचला," ते म्हणाले. "प्लीज, हा डाव होईपर्यंत तिथेच राहा."

वैशाली आतल्या खोलीतून म्हणाली, "आई, तो मॅचच्या वेळी असाच असतो. राहा उभी जरा."

चहा गार होईपर्यंत मी उभी राहिले.

चावणारे आणि थुंकणारे

खेळ अमेरिकेतला. तिथे रात्र असते तेव्हा सिंगापुरात सकाळचे आठ वाजतात, म्हणजे बाळाला न्हाऊ घालायची आणि माझ्या पूजेची नेमकी तीच वेळ. निखिलराव लग्नाआधी अमेरिकेतल्या एका गावात दोन वर्षं नोकरीला होते, म्हणून त्या गावाची टीम ही त्यांची टीम. बार्शीला त्यांची सासुरवाडी आहे, पण इथल्या भगवंताची जत्रा कधी असते ते विचारा, सांगता यायचं नाही.

सोबतीला सावंत असायचे. मालवणकडचे, बोटीवरचे इंजिनियर. दोन बोटींच्या मधल्या सुटीत चोआ चू कांगला भाड्याच्या खोलीत राहत. मॅच असली की पहिल्या गाडीने हजर. मला मावशी म्हणत आणि माझे लाडू बाळंतिणीच्या दुप्पट खात.

खेळ पाहून पाहून मला कळला. घरातून निघायचं, तीन ठिकाणी टेकायचं आणि पुन्हा घरी यायचं. आलं की एक गुण. एवढ्यासाठी हजारो माणसं उभी राहून टाळ्या वाजवतात. बायका रोज पाणी, दळण, शाळा, बाजार करून घरी येतात, त्यांच्यासाठी कोणी खुर्चीवरून उठलेलं मी पाहिलं नाही.

आणि ते खेळाडू! चांगली दांडगी पोरं, पण तोंडात सतत काहीतरी चघळतात आणि पचापच थुंकतात. सिंगापुरात च्युइंगम दुकानात मिळत नाही, थुंकलं तर दंड. अशा शहरात बसून ही दोन शिकलेली माणसं सकाळपासून दुपारपर्यंत चघळणारे आणि थुंकणारे बघत बसायची.

नावं काही माझ्या जिभेवर बसली नाहीत. मी माझी ठेवली. एक डावरा, चेंडू फेकणारा, कायम वैतागलेला, गिरणीत वीज गेल्यावर हे दिसतात तसा. एक जाडा. आणि एक उकिडवा. तो फळीवाल्याच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलायचा. तोंडाला जाळी, छातीला ढाल, आणि तासन् तास उकिडवं. बाकी सगळे मिरवत होते, काम करणारा तो एकटा. चुलीसमोर बसून ज्यांचे गुडघे गेलेत त्यांनाच त्याची किंमत कळेल. मधूनच तो उठताना मांडीवर हात टेकायचा, तेव्हा माझ्याही तोंडून "आई गं" निघायचं.

कागदी रुमालाची पुडी

ती टीम त्या वर्षी कशीबशी शेवटच्या स्पर्धेत शिरली होती. बाद व्हायची वेळ आली होती. वैशाली मुलीला घेऊन हॉस्पिटलातून घरी आली आणि त्याच सकाळी ते जिंकले. मग पुढचं जिंकले. समोरची टीम घरी गेली.

त्या आनंदात निखिलरावांनी मला खाली हॉकर सेंटरला नेलं. मोठ्या छपराखाली पन्नास चुली आणि सगळं गाव तिथे जेवायला. घरात स्वयंपाकघर असताना माणसं बाहेर का खातात, ते मी विचारलं नाही. सावंतांनी माझ्यासाठी नारळाचा गोड लेप लावलेला पाव आणि बशीत अर्धं कच्चं अंडं आणलं. अंडं उकडायचा कंटाळा येतो, आणि त्याला इथे नाश्ता म्हणतात. चहा मात्र चांगला होता, हे कबूल करते.

बसायला जागा नव्हती. एक टेबल रिकामं दिसलं म्हणून मी बसले. त्यावर कागदी रुमालांची नवी पुडी होती. मला वाटलं हॉटेलची. फोडली, तोंड पुसलं, दोन वैशालीसाठी कमरेला खोचले. तेवढ्यात ताट घेतलेली एक ऑफिसातली मुलगी येऊन माझ्याकडे पाहत उभी राहिली. निखिलराव धावत आले.

"आई, ती पुडी म्हणजे तिची जागा! इथे पुडी ठेवून जागा धरतात."

मी इतकी शरमले की अंडं तिथेच टाकून उठले. नंतर मनात आलं, ह्यात काय मोठं? आमच्या एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकतातच की. फक्त आमच्या रुमालावर कंडक्टरचासुद्धा विश्वास नसतो.

दुसरी जागा मिळाली. सावंत पाव खाता खाता म्हणाले, "निख्या, एक ध्यानात इला काय? पोरगी घरात आली आणि आपण जिंकूक लागलो. पायगुण रे! पोरीचो पायगुण!"

निखिलराव हसले. पण ते हसू लगेच गेलं आणि ते विचारात पडले. मग त्यांनी पुण्याला आईला फोन लावला. विहीणबाईंचा आवाज टेबलावरच्या सगळ्यांना ऐकू आला, "अरे, मी तेच म्हणणार होते! लक्ष्मी आली घरात!"

मी हातातला पाव खाली ठेवला.

पाऊल

बारसं घरातल्या घरात झालं. निखिलरावांच्या मनात मुलीला त्या टीमच्या गावाचं नाव द्यायचं होतं, वैशालीने डोळे वटारल्यावर इरा ठेवलं. आंटी लाल रंगवलेली अंडी घेऊन आली. त्यांच्यात महिना झाल्यावर वाटतात, पण मी परत जाणार म्हणून तिने आधीच केली. बाळंतिणीचं त्यांचंही आपल्यासारखंच. गार पाणी नाही, वारा नाही, जेवणात आलंच आलं. फक्त दूध यायला त्या पपई घालून माशाचं पाणी देतात. मी ते वैशालीला पाजलं नाही, आंटीने माझा डिंकाचा लाडू खाल्ला नाही, आणि दोघींनी एकमेकींना "छान, छान" केलं.

आंटीने मुलीचं वजन विचारलं. मला कौतुक वाटलं. मग वैशालीने सांगितलं, त्या आकड्यांची आंटी लॉटरी लावणार. इथे असंच करतात. मूल जन्माला आलं की जगभर सगळ्यांना त्याच्याकडून काहीतरी हवंच असतं. आंटीचा आकडा लागला नाही. पण एक सांगते, तिने मुलीला कधी बोल लावला नाही. पुढच्या आठवड्यात बसचा नंबर लावला.

पाळणा झाला, आणि सावंत म्हणाले, "आता पावलां!"

मी कुंकू कालवलं. मला वाटलं पांढऱ्या फडक्यावर घेतात तशी लक्ष्मीची पावलं घेतील. निखिलरावांनी अंगातली जर्सी काढली आणि पाटावर पसरली. तीच, न धुतलेली. विहीणबाई फोनमधून म्हणाल्या, "छातीवर घे रे, नीट उमटेल!" इराचं उजवं पाऊल कुंकवात बुडवून त्या जर्सीवर दाबलं. पाच बोटं, टाच, सगळं स्पष्ट. मुलगी रडायला लागली. बाकी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी मोरीत गेले आणि तिचा पाय धुतला. किती वेळ धुतला, कोण जाणे. वैशालीने हाक मारली, "आई, निघालं ते. बास."

हे का, ते एकदाच लिहिते आणि संपवते. मी लग्न होऊन आले त्याच पंधरवड्यात मामंजींचा हात गिरणीच्या पट्ट्यात गेला. दोन बोटं गेली. सासूबाई म्हणाल्या, "पांढऱ्या पायाची आली." त्यानंतर म्हैस आटली, मोटार जळाली, ह्यांचा भाऊ नापास झाला, की घरातलं कोणीतरी आधी माझ्या पायांकडे बघायचं. बोलायचेसुद्धा नाहीत, नुसतं बघायचे. मी साडी घोट्याखाली नेसायला लागले ती अजून तशीच नेसते. मी लाजाळू आहे असं लोक म्हणतात. चौथीपर्यंत मी शाळेच्या मैदानात सगळ्यांत मोठ्याने ओरडणारी मुलगी होते.

म्हणून पायगुण चांगला आहे म्हटलं तरी मला गोड लागत नाही. चांगला म्हटलं की तो मोजायला घेतला. आज ह्या बाजूने मोजतील, उद्या त्या.

हार

पुढची फेरी मोठी होती. सातांत ज्याचे आधी चार होतील तो वर जाणार. निखिलराव रोज ती पावलाची जर्सी घालून बसायचे, आणि इराला मांडीवर ठेवायचे. तिची आंघोळ दहावर गेली, मग अकरावर. मी म्हटलं, "न्हाऊन झोपवते." तर म्हणाले, "आई, डाव चालू आहे. आता हलवू नका तिला." दोन्ही बाजूंचे तीन-तीन झाले. त्यातल्या शेवटच्या सकाळी आपले वाईट हरले. डावऱ्याला मधूनच काढून टाकलं. तो टोपी आपटून बाकावर जाऊन बसला.

त्या सकाळी इराला टोचून आणलं होतं. तिला कणकण होती, ती एकसारखी रडत होती. म्हणून वैशाली तिला आत घेऊन गेली होती.

मॅच संपली. सावंत पाळण्याशी आले आणि तिच्या तळव्याला गुदगुल्या करत म्हणाले, "काय गो बाय, आज पाय मागे घेतलंस? बापसाक रडवलंस!"

विनोदच होता. विहीणबाईंचा फोन आला. "हरले ना रे? बाळ आज रडत होतं का? मी म्हटलंच."

निखिलराव "हो ना," म्हणाले. हसत म्हणाले. आणि हसता हसता त्यांनी पाळण्याकडे बघितलं.

ती नजर मी ओळखते. तिला शिक्षण लागत नाही. बार्शीच्या गिरणीत मिळते तशीच ती सिंगापूरच्या बाराव्या मजल्यावर मिळते.

मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. "चहा ठेवू का?" एवढंच निघालं.

धुणं

दुसऱ्या दिवशी निकालाची मॅच. मी सगळ्यांच्या आधी उठले. जर्सी खुर्चीच्या पाठीवर होती. ती घेतली, बाथरूममध्ये नेली आणि हाताने धुतली. मशीनवर माझा विश्वास नाही. साबण लावून, ब्रशने घासून, पिळून, पुन्हा साबण. उन्हाळ्यापासूनचा मळ काळ्या पाण्याने गेला. कुंकू लाल पाण्याने गेलं. शेवटी फक्त एक गुलाबी सावली राहिली, पाऊल आहे की चहाचा डाग आहे कळू नये अशी. मग ती बांबूवर घातली, आंटीने शिकवला तसा बांबू धरला आणि एका फटक्यात बाहेर लावला. मला ते पहिल्यांदाच बरोबर जमलं.

विचार साधा होता. हरले तर जर्सी धुतली म्हणून हरले. मुलीचं नाव निघणार नाही. माझं निघेल, आणि माझ्या नावाला त्याची सवय आहे.

आठ वाजता सावंत आले. निखिलराव खुर्चीकडे गेले, मग कपाटाकडे, मग मशीनकडे. "वैशू, जर्सी?"

"मी धुतली," मी म्हणाले.

सावंत खिडकीशी गेले, बाहेर बघितलं आणि कपाळावर हात मारला. "मावशी! आज? आजच्या दिवशी?"

"आई, हे काय केलंत!" निखिलरावांचा आवाज चढला. माझ्यावर पहिल्यांदाच. "त्यावर तिचं पाऊल होतं!"

"म्हणूनच धुतली." मी पदर सारखा केला. "निखिलराव, आज हरलात तर माझ्यामुळे हरलात म्हणा. पुण्याला पण तसंच सांगा. तिच्या पायांकडे बघायचं नाही."

"अहो, पण आम्ही चांगलंच म्हणतोय ना? गंमत आहे ती. पायगुण चांगला आहे असंच—"

"काल काय म्हणालात?"

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

वैशाली मुलीला घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "निखिल, आमच्याकडे काही बिघडलं की आजी आईच्या पायांकडे बघायची. मी लहान असताना मला वाटायचं आईच्या पायाला काहीतरी झालंय. मी एकदा रात्री चादर काढून बघितले होते."

हे मला माहीत नव्हतं.

टीव्हीवर गाणं चालू होतं, सगळे टोप्या काढून उभे होते. निखिलराव खिडकीशी गेले, बांबू आत ओढला आणि ती ओली गच्च जर्सी अंगात चढवली.

"ओली घालू नका, सर्दी होईल," मी म्हणाले.

"असू दे." मग ते सावंतांकडे वळले. "सावंत, आजपासून मॅचमध्ये मुलीचं नाव नाही."

"बरा, बरा," सावंत म्हणाले. "पण हरलो तर मावशीचां घेतलेलां चलात ना?"

"चालेल," मी म्हणाले.

निखिलराव जर्सीतलं पाणी टपकवत मांडी घालून बसले. ह्या वेळी एकाही गुडघ्याखाली उशी नव्हती. वैशालीने इराला माझ्याकडे दिलं आणि मी तिला न्हायला घेऊन गेले, वेळेवर, आठ वाजता.

उकिडवा घरी आला

बाहेर आले तेव्हा आपले मागे होते. मग बरोबरीत आले. मग पुन्हा मागे. मी खुर्चीवर बसले, इरा मांडीवर झोपली. मला पूजेला बसायचं होतं, पण उठवेना. आदल्या दिवशी हाकललेल्या डावऱ्याला शेवटी पुन्हा बोलावलं. तो आला, थुंकला, आणि समोरच्यांना एकामागून एक बाद केलं. काल टोपी आपटणारा तो हाच, हे खरं वाटेना. जाड्याने एक असा लांब मारला की पुन्हा बरोबरी झाली. ठरलेले सगळे डाव संपले तरी निकाल नाही. जादा डाव सुरू झाला. मला तर वाटलं, हा खेळ शोधणाऱ्याला घरी कोणी वाट बघणारं नसावं.

आपली पाळी. दोन गेले. एकच उरला. आणि पहिल्या ठिकाणावर कोण उभा? उकिडवा. सकाळपासून चार तास बसून गुडघे गेलेला, टीममधला सगळ्यांत मंद.

सावंत म्हणाले, "संपला. हो खंय पळतलो!"

पुढच्याने चेंडू भिंतीपर्यंत मारला. उकिडवा निघाला. दुसरं ठिकाण झालं. तिसऱ्याच्या बाजूला उभा असलेला त्यांचा शिकवणारा हात गरागरा फिरवत होता, जा, जा. चेंडूही मागून निघाला होता. आणि तो पळत होता, दळणाचा डबा डोक्यावर घेऊन पळावं तसा, मान पुढे, पाय वाकडे.

"पळ की मेल्या!" कोणीतरी ओरडलं. "पळ! पळ! घरी जा!"

इरा दचकून जागी झाली. वैशाली माझ्याकडे बघत होती. ओरडणारी मी होते.

तो पोटावर पडला, घसरला, हात पुढे. धूळच धूळ. पंच वाकला आणि त्याने दोन्ही हात आडवे पसरले. क्रिकेटमध्ये हा वाईड. इथे ह्याचा अर्थ, पोचला.

पुढचं काय लिहू? ती सगळी पोरं त्या उकिडव्यावर पडली. इकडे सावंत निखिलरावांवर पडले. आंटी खालून वर आली, काय कोसळलं ते बघायला. इरा रडत होती आणि तिच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं, म्हणजे कोणाचंच. मला इतकं बरं वाटलं की मीही थोडी रडले. लोकांना वाटू दे टीमसाठी.

निखिलराव ओल्या जर्सीने माझ्या पाया पडले. पदराला पाणी लागलं. म्हणाले, "आई, चुकलो."

मी म्हटलं, झालं, सुटलं. पण सावंत बरे गप्प बसतील!

"निख्या, गोष्ट लक्षात घे," ते बोट वर करून म्हणाले. "आज जर्सी धुतली. म्हणूनच जिंकलो! इतके दिवस मळ आडवो येत होतो. आता फायनलला मावशी हवी. धुवूक!"

आणि जावयांनी, आत्ताच "चुकलो" म्हणणाऱ्या माझ्या सायंटिफिक जावयांनी, मान हलवली. "हो रे. हे माझ्या लक्षातच आलं नाही."

मी कपाळाला हात लावला. पण मग मांडीवरच्या मुलीकडे बघितलं आणि गप्प राहिले. भूत कुठेतरी बसणारच असेल तर जुन्या झाडावर बसू दे.

बार्शी

माझं परतीचं तिकीट फायनलच्या आधीचं होतं. विमानतळावर निखिलरावांनी माझ्या पिशवीत ती जर्सी घातली. मॅचच्या वेळी बार्शीत पहाट असते. तेव्हा धुवायची, हाताने, मशीनमध्ये नाही, असं बजावलं. वैशाली त्यांच्या मागे उभी राहून हसत होती. "नेऊन टाक गं आई," ती म्हणाली, "घरातून जाऊ दे ती एकदा."

मी प्रत्येक मॅचला धुतली. ह्यांनी विचारलं, "हे काय धुतेस रोज?" मी म्हटलं, "जावयांचं काम." हे गिरणीत गेले. बार्शीच्या उन्हात चारच दिवसांत ती गुलाबी सावलीही उडाली. आता ती कोरी पांढरी आहे.

शेवटची मॅच ते हरले. मी वैशालीच्या व्हिडिओ कॉलवर बघितली. तिने टीव्हीसमोर फोन उभा करून ठेवला होता, त्यामुळे अर्धा वेळ सावंतांची पाठच दिसली. डावरा बाकावर तोंड टॉवेलात घालून बसला होता. उकिडव्याने जाळी काढली आणि त्याच्याशेजारी जाऊन बसला, बोलला काही नाही. मला वाईट वाटलं. दिवसभर भाकरी गोड लागली नाही. हे मात्र मी बार्शीत कोणाला सांगणार नाही.

थोड्या वेळाने निखिलरावांचा फोन आला. आवाज उतरलेला. मागे इराचा आवाज येत होता, ती आता हुंकार देते. विहीणबाईंचाही फोन येऊन गेला असणार.

"आई," ते जरा अडखळले, "आज धुतली होती ना?"

जर्सी माझ्यासमोर दोरीवर होती. पहाटेच धुतलेली, अजून ओलसर होती.

"नाही हो," मी म्हणाले. "आज राहूनच गेलं."

"तरीच!" ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम हलका झाला.